एक किलोमीटर

२०२४च्या एप्रिलमधली गोष्ट. पुण्याच्या एका उपनगरात झेरॉक्सच्या दुकानात, संगणकापुढच्या खुर्चीवर मी बसले होते. गेली काही वर्षं पहिलीच्या प्रवेशाच्या हंगामात आसपासच्या वस्त्यांतल्या पालकांचे ‘आरटीई’चे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालच्या प्रवेशाचे, अर्ज मी भरून देते, त्यातलाच तो एक दिवस. शेजारी बसलेली बाई चार घरची धुणीभांडी आटोपून आली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, जातीचा दाखला आणि भाडेकरार. अर्ज भरताना पडद्यावर नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल फुगा दिसतो. तो सरकवत सरकवत आपल्या घरावर नेऊन ठेवायचा असतो. घरापासून शाळेचं अंतर त्यावरूनच मोजलं जातं. फुगा चुकून दुसऱ्या गल्लीत पडला आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही, तर सोडतीत लागलेला नंबरही हातचा जातो. म्हणून पालक श्वास रोखून त्या फुग्याकडे बघत असतात.

आम्ही फुगा ठेवला आणि शाळांची यादी उघडली. आदल्या वर्षी शेजारच्या खोलीतली मुलगी ज्या शाळेत लागली होती, ती इंग्रजी शाळा यादीत नव्हती. तिच्या आगेमागे असलेल्या दोन शाळाही नव्हत्या. होत्या त्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा, ज्यांत प्रवेशासाठी सोडतीची गरजच नसते. बाईंना वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. त्या म्हणाल्या, “ताई, फुगा नीट ठेवा ना.”

फुगा जागेवरच होता. दोन महिन्यांपूर्वी, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, राज्य सरकारने आरटीईच्या २०११च्या नियमांमध्ये एक परंतुक जोडलं होतं. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या बंधनातून त्या परंतुकाने सूट दिली. शहरात एक किलोमीटरच्या वर्तुळात सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही, अशी जागा शोधूनच काढावी लागते. त्यामुळे कागदावर सूट होती काही शाळांना. प्रत्यक्षात पंचवीस टक्क्यांची तरतूदच शहरांतून उठली. आदल्या वर्षी राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या घरांतली गणितं त्या एका वाक्याने बदलली, आणि ते वाक्य विधानसभेत चर्चेला आलेलंच नव्हतं.

या पुस्तकाचं बीज त्या दुकानातलं आहे. शिक्षणाच्या धोरणावर बोलायचं म्हटलं की आपण आयोगांचे अहवाल काढतो, राष्ट्रीय धोरणाची पानं उलटतो. पण पोराच्या वाट्याला येतं ते अहवालातलं धोरण नव्हे. मूळ कायदा, त्याखालचे नियम, नियमांतली परंतुकं, शासन निर्णय, संचालनालयाची परिपत्रकं आणि या सगळ्यांवर अधूनमधून पडणारी न्यायालयाची रेघ, यांतून जे गाळून खाली उतरतं ते त्याच्या वाट्याला येतं. ही गाळणी कशी चालते हे पालकाला आणि शिक्षकाला कळावं, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे. प्रस्तावनेत मी सगळ्या प्रकरणांचा गोषवारा देणार नाही. एक धागा मात्र हाती देते, कारण तो धरला की पुढची पानं सोपी जातील. सक्तीच्या शिक्षणातली सक्ती नेमकी कोणावर, हा तो धागा.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं असावं. शेतसारा भरतो कुणबी आणि त्या पैशातून शिकतात वरच्या वर्गांतली मुलं, ही त्यांची तक्रार होती. तेव्हा सक्तीची मागणी करताना त्यांची नजर सरकारच्या तिजोरीवरही होती, हे विसरता येत नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६मध्ये सक्ती संस्थानभर नेली. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये मांडलेलं विधेयक मात्र पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१७मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो रुपया आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावाच. त्या काळात मुलाचे हात शेतातून सोडवायला एवढा धाक लागत होता. पण शाहू महाराजांनी दंड लावला तो शाळा उघडण्याची आणि शिक्षक नेमण्याची जबाबदारी स्वतः घेऊन, हेही त्याच दमात सांगायला हवं.

१९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात जो कायदा झाला, त्याचा बाज वेगळा होता. त्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा दिली. मुभा आणि बंधन यांतला फरक पुढची नव्वद वर्षं आपल्या शिक्षणाला छळत राहिला. संविधानाच्या अनुच्छेद ४५ने सांगितलं की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. संपूर्ण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुदत घातलेलं हे एकच कलम होतं. दहा वर्षं गेली, चाळीस गेली. ‘प्रयत्न करावा’ या शब्दांवर कोणालाही न्यायालयात खेचता येत नव्हतं.

कोंडी फुटली ती न्यायालयात, आणि तीही प्राथमिक शाळेच्या खटल्यात नव्हे. कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेला वर्षाला दोन हजार रुपये शुल्क होतं आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याला साठ हजार. त्यावरून उभ्या राहिलेल्या मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाचा हक्क जगण्याच्या हक्कातच आहे. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १९९३मध्ये, उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याला मर्यादा आखून दिली: चौदा वर्षांपर्यंत तो मूलभूत हक्क आहे, त्यापुढे राज्याच्या ऐपतीप्रमाणे. अनुच्छेद ४५मधला प्रयत्न अनुच्छेद २१च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या, आधाराने असा हक्क बनला. खासगी महाविद्यालयांच्या देणग्यांवरून सुरू झालेल्या वादातून गावच्या पोराला हक्क मिळाला, हे मला आजही विलक्षण वाटतं.

यानंतर जे झालं त्याबद्दल मात्र मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला, तेव्हा सगळीकडे स्वागत झालं. पण उन्नीकृष्णन निकालात हक्क होता जन्मापासून चौदापर्यंत. घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदा केला आणि सहा वर्षांखालच्या मुलांना पुन्हा ‘प्रयत्न करावा’च्या यादीत पाठवलं. ज्या वयात मेंदू सर्वांत वेगाने वाढतो, ज्या वयासाठी अंगणवाडीताई तुटपुंज्या मानधनावर राबतात, तेच वय हक्काबाहेर राहिलं. न्यायालयाने दिलेलं संसदेने कमी केल्याचं हे उदाहरण आपल्या चर्चांमध्ये जवळजवळ कधीच येत नाही.

१ एप्रिल २०१० रोजी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला. त्यातलं कलम ८ प्रत्येक पालक-शिक्षक सभेत मोठ्याने वाचून दाखवावं, असं मला वाटतं. सक्तीचं शिक्षण म्हणजे काय, हे त्यात सांगितलं आहे: शिक्षण पुरवण्याचं, मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं यांची खात्री करण्याचं सरकारवरचं बंधन. कलम १० पालकाचं कर्तव्य सांगतं, पण त्यापुढे दंड नाही. शाहू महाराजांच्या रुपयापासून निघालेली सक्ती जवळजवळ शंभर वर्षांनी सरकारच्या दारात येऊन थांबली.

या बंधनाचं माप ठरवताना कलम ६ने ‘शेजारची शाळा’ हा शब्द वापरला. शेजार म्हणजे किती, हे नियमांनी ठरवलं: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन. सहा वर्षांच्या मुलाच्या पायांना झेपेल एवढं अंतर, आणि तेवढ्या अंतरात शाळा उभी करायची ती सरकारने. २०११च्या नियमांत एक किलोमीटर म्हणजे सरकारवरचं कर्ज होतं. २०२४च्या परंतुकात तोच एक किलोमीटर कर्जमाफीचा दाखला झाला. शेजारी आमची शाळा आहे ना, मग खासगी शाळेचं दार तुमच्यासाठी उघडायची गरज नाही. मापाची काठी तीच राहिली, पण ती धरणारा हात बदलला. या पुस्तकाचं नाव त्यावरून आलं.

पंचवीस टक्क्यांचं कलम १२(१)(सी) मुळात काय आहे, याबद्दल खूप गैरसमज आहेत. ते सरकारी शाळेला पर्याय म्हणून आलेलं नाही. खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशवर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं आणि सरकारने त्याचा खर्च भरून द्यायचा, असं ते कलम म्हणतं. भरपाई होते ती सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च किंवा शाळेचं प्रत्यक्ष शुल्क, यांत जे कमी असेल तेवढी. डॉक्टरांचा मुलगा आणि त्याच घरी पोळ्या करणाऱ्या बाईंची मुलगी एका बाकावर बसावीत, ही त्यामागची कल्पना. हे कलम संस्थाचालकांनी सर्वोच्च न्यायालयात नेलं. १२ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश कापडिया आणि न्या. स्वतंत्र कुमार यांनी ते वैध ठरवलं, न्या. राधाकृष्णन यांचं मत वेगळं पडलं. त्यांच्या मते राज्याची जबाबदारी खासगी संस्थेच्या खांद्यावर अशी टाकता येत नाही. ते मत मी पुस्तकात सविस्तर दिलं आहे. मला ते पटत नाही, पण २०२४च्या वादात संस्थाचालकांच्या आणि सरकारच्या तोंडी जे मुद्दे आले त्यांचं मूळ तिथे सापडतं.

दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्याच प्रमती निकालाने सर्व अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, संपूर्ण कायद्यातूनच वगळलं. अल्पसंख्याक संस्थांचं स्वातंत्र्य मोलाचं आहे. पण पंचवीस टक्क्यांबरोबरच शिक्षकांची पात्रता आणि मुलांना शारीरिक शिक्षा न करण्याची कलमंही त्या शाळांना लागू राहिली नाहीत, हे मला आजवर समजून घेता आलेलं नाही. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीच प्रमतीबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा असं म्हटलं. ते प्रकरण महाराष्ट्रातून गेलं होतं. त्याच निकालाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली आणि दोन वर्षांची मुदत दिली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नोकरी टिकवण्यापुरती सूट आहे. पंचवीस वर्षं पाड्यावर शिकवणाऱ्या गुरुजींच्या डोळ्यांत त्या आठवड्यात जी भीती मी पाहिली, तिच्यासाठी पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे.

न्यायालय आणि राज्य सरकार यांची शाळेच्या दारातली गाठ काही २०१०नंतरची नाही. देवळालीच्या बार्न्स या अँग्लो-इंडियन शाळेची हकिगत मला फार बोलकी वाटते. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्य सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन किंवा मूळच्या आशियाबाहेरच्या नागरिकांखेरीज कोणालाही यापुढे प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांच्या वाढीचा होता, आणि त्या हेतूबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण न्यायालयात आलेल्या पालकांपैकी एकाच्या घरी मातृभाषाच इंग्रजी होती आणि दुसऱ्याची गुजराती. मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. कारणं दोन होती. एक, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: संविधानाच्या अनुच्छेद ३३७ने अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान देताना अट घातली होती की त्यांनी दरवर्षी किमान चाळीस टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवावेत. सरकारचा हुकूम पाळायचा तर संविधानाची अट मोडावी लागली असती. पैसा जनतेचा, तर दाराची फट जनतेसाठी, हे तत्त्व पंचवीस टक्क्यांच्या कितीतरी आधी आपल्या संविधानात होतं.

सगळेच निर्णय न्यायालयात सुटतात असं नाही. २०२५च्या एप्रिल आणि जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याबाबत निघालेले शासन निर्णय २९ जूनला मागे घेतले गेले ते निकालामुळे नव्हे, लोकांच्या रेट्यामुळे. भाषेच्या प्रश्नावर रस्त्यावर येणारा मराठी समाज आरटीईच्या परंतुकावर का आला नाही, हा प्रश्न मला छळतो. परंतुकाविरुद्ध झगडले ते मोजके पालक आणि मोजक्या संघटना.

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परंतुकाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती उपाध्याय आणि न्या. बोरकर यांच्या पीठाने ते रद्दच केलं. निकालाचा गाभा सोपा आहे. नियम मूळ कायद्याच्या पोटातून जन्मतो; तो कायद्यालाच पाय लावू शकत नाही. कलम १२(१)(सी)मध्ये ‘शेजारी सरकारी शाळा नसेल तर’ अशी अट नाही. शेजारी शाळा काढण्याचं सरकारचं कर्तव्य वेगळं आणि पंचवीस टक्के जागा देण्याचं खासगी शाळेचं कर्तव्य वेगळं. एकाने दुसरं फिटत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हात घालायला नकार दिला. शिक्षण १९७६पासून समवर्ती सूचीत असल्याने राज्याला केंद्राच्या कायद्यापेक्षा वेगळं काही करायचंच असेल, तर रस्ता आहे: विधिमंडळात विधेयक आणून, चर्चा करून, राष्ट्रपतींची संमती घ्यायची. तो रस्ता उजेडातला आहे. परंतुकाचा रस्ता तसा नव्हता, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

कर्नाटकात याच धर्तीचा नियम २०१८च्या अखेरीस झाला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. एकच केंद्रीय कायदा, एकच कलम. निपाणीच्या मुलाला एक न्याय आणि कागलच्या मुलाला दुसरा. दोन गावांमधलं अंतर गाडीने अर्ध्या तासाचंही नाही.

जिंकल्याच्या आनंदात जे विसरलं जातं, तेही इथे लिहून ठेवते. निकाल जुलैच्या उत्तरार्धात लागला आणि त्यानंतरच सोडतीची यादी जाहीर झाली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. परंतुकाच्या काळात शाळांनी त्या जागांवर इतर मुलांना घेतलं होतं. त्यांना धक्का न लावता पंचवीस टक्के भरा, असं न्यायालयाने सांगितलं, पण वर्गात मधूनच आलेल्या मुलाला बाकावर कुठे जागा मिळते, हे निकालात लिहिता येत नाही. भरपाईची रक्कम वर्षानुवर्षं थकते म्हणून शाळा कुरकुरतात, त्यांचीही बाजू आहे. आणि सर्वांत कठीण प्रश्न तर उरतोच. ज्या महापालिकेच्या शाळेचं नाव पुढे करून सरकारने खासगी शाळेला सूट दिली, त्या शाळेत पहिलीला पूर्ण वेळ शिक्षक आहे का? पंचवीस टक्क्यांचा लढा लढताना आपण नकळत असं बोलू लागतो की चांगली शाळा म्हणजे खासगीच. माझ्याही तोंडून ते येऊन गेलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकलेल्या पिढ्यांनी हा महाराष्ट्र उभा केला आणि त्या शाळा टिकवणं हे पंचवीस टक्के वाचवण्याहून मोठं काम आहे. पण ते काम मुलांना दुसरीकडे जाण्याची वाट बंद करून होणार नाही. न्यायालय सरकारला चुकीचं पाऊल मागे घ्यायला लावू शकतं. पटावरच्या मुलांपुढे रोज उभं राहणारं माणूस त्याला नेमता येत नाही.

म्हणून या पुस्तकात निकालांइतकीच जागा नियमांना दिली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मूळ कलम, त्याखालचा नियम आणि त्यावरचा निकाल एकाखाली एक छापला आहे, म्हणजे बोट ठेवून वाचता येईल. वकिलांना हे बाळबोध वाटेल. हे पुस्तक त्यांच्यासाठी नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या, ‘वरून आदेश आहेत’ हे उत्तर ऐकून परत फिरणाऱ्या माणसांसाठी ते आहे. आदेश वरून म्हणजे नेमका कुठून आला, तो शासन निर्णय आहे की नियम, आणि कायद्यात तसं काही आहे का, एवढं विचारता आलं तरी माझे कष्ट फिटले.

मेच्या मध्यापासून अर्ज नव्याने भरून घेतले गेले तेव्हा त्या बाई पुन्हा दुकानात आल्या. या वेळी फुगा त्यांनी स्वतःच सरकवून खोलीवर ठेवला. यादी उघडली, वरून खालपर्यंत वाचली, शाळा निवडल्या. अर्जाची प्रत काढताना मी स्थगितीच्या आदेशाचं पहिलं पानही काढलं आणि त्यात काय आहे ते त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, “हे मला ठेवता येईल का? धाकटीच्या वेळी लागेल.” मग ते पान दुमडून त्यांनी रेशनकार्डाच्या आत ठेवलं आणि पिशवीला गाठ मारली.